वांगं बिचारं फुकट बदनाम झालं

अंगावर पित्त उठलं, की आपल्या घराघरांतून पहिली हाक आमसुलाला जाते. माझ्याही घरात जात होती. भांगलणीहून आले, जेवले, जरा पाठ टेकली की मांड्यांवर, पोटावर गांधी उठायच्या. आत्याबाई म्हणायच्या, "वांगं बाधलं." वांगं सोडलं. मग शेंगदाणा सोडला, अंडं सोडलं, दही सोडलं. वर्षभरात ताटात उरली भाकरी आणि मुगाची आमटी. पोलकी ढिली पडली, पित्त मात्र तिथंच.

शेवटी तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मला समजावलं ते तुम्हालाही सांगते. हे पित्त म्हणजे पोटातलं कडू पित्त नव्हे, नाव तेवढं एक. आपल्या कातडीत, नाकात, घशात, आतड्यात मास्ट पेशी असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं 1878 साली त्यांना हे नाव दिलं. दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या, म्हणून त्याला त्या खाऊनपिऊन माजलेल्या वाटल्या! त्या दाण्यांत हिस्टामाइन नावाचं द्रव्य असतं. गांधीलमाशी चावली, एखादा पदार्थ किंवा औषध सोसलं नाही, कुणाला नुसतं ऊन लागलं किंवा कमरेला नाडी करकचली, तरी या पेशी ते बाहेर टाकतात. मग कातडी फुगते, खाजते.

बाईंनी वही घालायला सांगितली. काय खाल्लं, काय काम केलं, कोणती गोळी घेतली, किती वाजता उठलं, सगळं लिहायचं. महिन्यानं वही त्यांच्यापुढे ठेवली. वांग्याचा दोष कुठंच नव्हता. भांगलणीच्या दिवशी कंबर धरायची म्हणून मी दुकानातून अंगदुखीची गोळी आणून घेत असे. जो दिवस गोळीचा, तोच गांधींचा. आणि ही गोळी मी आजवर कुणाला सांगितलीच नव्हती. गोळी म्हणजे काय खाणं आहे? बाईंनी ती बंद केली.

बांगड्याची गोष्ट निराळी. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी बाजारातून उतरत्या उन्हात बांगडे आणले. जेवून अर्धा तास झाला नाही तोच हे, भाऊजी आणि पोरगं, तिघांचीही तोंडं लालबुंद, डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय. मी मासे खात नाही, मला काही नाही. बांगडा, कुपा असले मासे बर्फाविना राहिले, की जंतू त्यांच्या मांसातच हिस्टामाइन तयार करतात. मग उकळा नाहीतर तळा, ते जात नाही. मासा दिसायलाही चांगलाच दिसतो. म्हणून एका पंगतीतल्या अनेकांना एकदम असं झालं, तर आधी माशावर संशय घ्या, माणसांच्या अंगावर नको. आता आम्ही बर्फातलाच मासा घेतो, आणि घास जिभेला मिरमिरला तर टाकून देतो.

काहींच्या आतड्यात हिस्टामाइन जिरवण्याची ताकदच कमी असते. त्यांना खूप मुरलेलं, आंबवलेलं, शिळं बाधतं. याची खात्रीची एकच अशी तपासणी नाही. डॉक्टरांना विचारून दोन-तीन आठवडे असे पदार्थ बंद ठेवायचे, मग एकेक परत घेऊन बघायचं. माझ्यासारखं सगळंच कायमचं सोडून हाडं वर काढू नका.

पण एवढं नीट ध्यानात ठेवा. गांधींबरोबर जीभ-ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, दम लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर आमसूल भिजवत बसू नका. पित्ताच्या गोळीवरही विसंबू नका. तिथं मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. ताबडतोब 108 ला फोन लावा. माणसाला आडवं ठेवा, चालवू नका. दम लागत असेल तर बसतं करा.

माझी वही अजून फळीवर आहे. परवा आत्याबाईंनी भरली वांगी केली. दोन खाल्ली, वेळ लिहून ठेवली. सकाळपर्यंत पुढची ओळ कोरीच होती.