पाठीवरचे अकरा काटे

लोणावळ्यात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचा तर समुद्र घरीच कालवावा लागतो. आरओचं पाणी, पिशवीतलं समुद्री मीठ आणि रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसेपर्यंत ढवळणं. पावसाळ्यात इथे वीज कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप कायम हाताशी. थंडीत हीटर. एवढी उस्तवार केल्यावर आपण नेमकी कोणती जात सांभाळतोय, हे कळायलाच हवं असं मला वाटतं.

माझ्याकडे क्लाउनफिशची जोडी आहे. नारिंगी अंग, तीन पांढरे पट्टे. मुंबईतल्या एका दुकानदाराने 'परक्युला' म्हणून दिली आणि भावही त्या नावाचा लावला. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात, ऑसेलारिस, तिच्यापेक्षा स्वस्त मिळते. घरी आणल्यावर शंका आली ती डोळ्यांमुळे. परक्युलाच्या बाहुलीभोवती भडक नारिंगी कडं असतं, त्यामुळे डोळा बारीक दिसतो. माझ्या माशांचं कडं मळकट करडं, डोळे टपोरे. पट्ट्यांच्या काळ्या कडाही अगदी पुसट; परक्युलात त्या सहसा ठसठशीत असतात. पण रंगावर निकाल देऊ नये. पिल्लांत काळेपणा कमीच असतो, शिवाय ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ अंगभर काळे ऑसेलारिसही सापडतात.

खरा पुरावा पाठीवरच्या परात. त्याचा पुढचा भाग काटेरी, मागचा मऊ. ऑसेलारिसला बहुधा ११ काटे, क्वचित १०. परक्युलाला बहुधा १०, क्वचित ९. मासा जाळीत धरून काटे मोजणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. ते मला करायचं नव्हतं. फोन काचेला टेकवून बसून राहायचो. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात. त्यांतला वरचढ मासा पुढे मादी होतो. माझ्या टँकमधली मादी अंगावर आली की धाकटा आडवा होऊन थरथरतो. एकदा त्याच क्षणी त्याचा पर ताठ उभा राहिला आणि फोटो साधला. मोठा करून पाहिला तर नारिंगी पडद्यातून फिकट रेघा वर चढलेल्या, टोकं काळ्या किनारीत रुतलेली. पुढून मोजले, मागून मोजले. अकरा. पुढे मादीचाही फोटो मिळाला. तिचेही अकराच. डोळे, कडा आणि काटे, तिन्ही एकच सांगत होते: ऑसेलारिस.

मला त्याचा आनंदच झाला. परक्युला पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातला. ऑसेलारिस मात्र आपल्या अंदमानातही राहतो. भाव जास्त पडला याची हळहळ मला फारशी नाही. चुकीच्या नावाचा राग आहे. टँकमध्ये या दोन जातींचा संकर होऊ शकतो. जोडी चुकीच्या नावांवर लावली, तर पिल्लांची जात पुढे कोण सांगणार?

क्लाउनफिश घेणार असाल तर पैसे देण्याआधी पर उभारलेला फोटो काढा, काटे मोजा. आणि मासा हॅचरीतला आहे का, हे जरूर विचारा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास झाली आहे. प्रवाळावरून पकडून आणलेला मासा घेऊ नका.