चौतीस की पंचेचाळीस?
(टी. ई., ई अँड टीसी)

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यातलं मोठं कोणतं हे मी अजूनही बोटं मोजून ठरवते! पण दोन आकडे मात्र आता पक्के पाठ झालेत. चौतीस आणि पंचेचाळीस. 2025 च्या दिवाळीआधी दोन-तीन महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

विषय मॉनिटरचा. अल्ट्रावाइड आणि तोही ओएलईडी. हॉस्टेलवर हा शब्द काढला की अर्ध्या मुलींचे डोळे चमकतात आणि उरलेल्या अर्ध्या "किडनी विक" म्हणून सल्ला देतात. आमच्या घरी मात्र हा शौकाचा मामला नव्हता. बाबांचा कराडला फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम हे पोटापाण्याचं काम. मागच्या सीझनला एका नवरीचा डाळिंबी शालू अल्बममध्ये चक्क जांभळट छापून आला. पार्टीने पैसे अडवले, वर चार ठिकाणी बोलले ते वेगळंच. स्टुडिओतल्या जुन्या मॉनिटरवर तर तो डाळिंबीच दिसत होता. तेव्हापासून बाबा प्रत्येक फोटो आईला दाखवून विचारायला लागले, "हा लालच आहे ना गं?" तीस वर्षं रंगांचं काम केलेला माणूस! "वय झालं असेल," म्हणायचे. मला ते ऐकवायचं नाही.

तर बाबांनी आरडी मोडायची ठरवली, मी इंटर्नशिपचा स्टायपेंड टाकला. (माझा स्वार्थ होताच. स्टुडिओच्या पीसीवर सुट्टीत रात्री मी फोर्झा आणि सायबरपंक खेळते.) 32 इंचांवरच्या मॉनिटरवर तेव्हा 28 टक्के जीएसटी होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. म्हणून तेवढे दिवस थांबलो.

ओएलईडीचा फंडा सोपा आहे. साध्या एलसीडीत मागे दिवा असतो आणि पुढे पडदा, म्हणून काळा रंग कधी पूर्ण काळा होत नाही. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो, स्वतःच विझतो. कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये याचा पाया घातला. क्यूडी-ओएलईडी त्याच्या पुढची पायरी. निळा प्रकाश क्वांटम डॉट्समधून जातो आणि लाल-हिरवा होऊन बाहेर पडतो. डॉट मोठा तर लाल, लहान तर हिरवा. फर्स्ट इयरला आपण 'पार्टिकल इन अ बॉक्स' रट्टा मारून पास झालो ना, तेच! या डॉट्सना 2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आमचे उमेदवार दोन. एक 34 इंची क्यूडी-ओएलईडी, 2022 मध्ये एलियनवेअरने ज्या जातीची सुरुवात केली त्यातला. दुसरा एलजीचा 45 इंची, 2023 चा. रूममेटचं म्हणणं, "वेडी आहेस का, मोठाच घे!" पण गंमत बघा, दोघांचेही पिक्सेल तेवढेच, 3440 गुणिले 1440, म्हणजे जवळजवळ 50 लाख. 34 वर एका इंचात 110 च्या आसपास बसतात, 45 वर 84. मोठा म्हणजे तेच चित्र ताणलेलं. शिवाय 45 ची वक्रता 800आर, म्हणजे जवळजवळ कुशीत घेतो. गाडी चालवायला स्वर्ग! पण मांडवाचा आडवा खांब सरळ आहे की वाकडा, हे बाबा कशावरून ठरवणार?

शेवटी बाबांना घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. पेन ड्राइव्हमध्ये तोच शालू, पिशवीत तोच छापील फोटो. 34 वर फोटो उघडला आणि बाबा ओरडलेच, "वा! काय तेज आलंय!" इथेच मेख आहे. हे पॅनेल सिनेमाचा डीसीआय-पी3 रंगपट्टा जवळजवळ पूर्ण दाखवतं आणि आमची लॅब फाइल घेते एसआरजीबीत. तसाच वापरला तर लाल रंग नको इतका भडक दिसतो. मी मेन्यूत जाऊन एसआरजीबी मोड लावला. तेज गेलं. शालू जांभळट दिसायला लागला, अगदी हातातल्या फोटोसारखा. बाबा बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "म्हणजे जुना मॉनिटर पिवळट होता, म्हणून मी पिवळा कमी करत गेलो. डोळे ठीक आहेत माझे." दुकानदाराला काही कळलं नाही. मी मात्र उगाच केबल बघत उभी राहिले.

34 मध्ये खोट नाही असं नाही. त्याचे सबपिक्सेल त्रिकोणात बसवलेले असल्यामुळे अक्षरांच्या आडव्या कडांवर एकीकडे हिरवट, दुसरीकडे गुलाबी झाक येते. इंग्रजीत फारशी जाणवत नाही, पण आपल्या मराठीला भली लांब शिरोरेषा! 'शुभविवाह' टाइप केलं की बरोबर दिसते. आणि पोलरायझर नसल्यामुळे ट्यूबलाइटखाली काळा रंग राखाडी होतो. 45 उजेडातही काळाच राहतो, हे त्याचं मानलंच पाहिजे. तरी आम्ही 34 घेतला आणि टेबल आतल्या खोलीत पडद्यामागे हलवलं.

राहता राहिलं बर्न-इन. न हलणारं चित्र तासन्‌तास ठेवलं की त्याचा डाग कायमचा राहू शकतो. आमच्या मॉडेलला तीन वर्षांची वॉरंटी आहे, त्यात हेही धरलंय. पण रोजचा पिक्सेल रिफ्रेश मॉनिटर बंद केल्यावर स्टँडबायमध्ये होतो, त्यामुळे शटर ओढताना मेन स्विच पाडायची बाबांची सवय आधी मोडावी लागली. टास्कबार लपवला, वॉलपेपर काळा केला.

आता बाबा माझ्यापेक्षा कडक झालेत. व्हॅलोरंट 16:9 मध्येच चालतो, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, म्हणून त्यावर घरात बंदी आली. फोर्झा चालतो, पण मागे उभे राहून सूचना चालूच असतात.

"पोरी, तो कोपऱ्यातला नकाशा कधीचा तिथंच आहे. बंद कर, नाहीतर पुढच्या नवरीच्या गालावर दिसेल!"