वस्तादांचा तळहात

वयाच्या बाराव्या वर्षी मी आमच्या गावच्या तालमीत जाऊ लागलो, तो मल्लखांबाच्या ओढीने. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नावारूपास आणली, हे वस्तादांनी आम्हांला पहिल्याच दिवशी सांगितले होते. परंतु त्या एरंडेल लावलेल्या, गुळगुळीत खांबावर चढण्याची परवानगी काही मला मिळेना. खांब हातांनी कवळून पाय डोक्याच्या वर न्यायचे, तर पोटात बळ हवे. आणि तेच माझ्यापाशी नव्हते.

"आधी जमिनीवर उताणा नीज," वस्ताद म्हणाले, "आणि दोन्ही पाय जुळवून उचल."

महिन्याभरात मी पन्नास वेळा पाय उचलू लागलो आणि तसे चारचौघांत सांगूही लागलो. कंबर दुखे, पण ती गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नाही.

एके सायंकाळी वस्ताद माझ्याशेजारी बसले आणि त्यांनी आपला तळहात माझ्या कंबरेखाली ठेवला. मी पाय उचलले मात्र, माझी पाठ कमानीसारखी जमिनीपासून सुटली! त्यांनी हात सहज काढून घेतला.

"शून्य!" ते म्हणाले. भोवतालची मुले हसली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग त्यांनी मला जवळ बसवून समजावले. पाय उचलतात ते मुख्यतः मांडीपासून कण्यापर्यंत गेलेले स्नायू. उचलताना ते कंबरेलाही ओढतात. ती ओढ अडवून कंबर जमिनीला टेकलेली ठेवणे, हे पोटाचे काम. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंतचे उभे स्नायू, कुशीचे तिरपे स्नायू आणि सर्वांत आत शेल्यासारखा गुंडाळलेला आडवा स्नायू, असे सारे मिळून ते करतात. माझे पोट कामचुकार निघाले होते आणि त्याचा भार बिचारी कंबर वाहत होती.

दुसऱ्या दिवसापासून पन्नासांचे तीन झाले. गुडघे वाकवून, एकेक पाय, श्वास सोडीत, सावकाश. पाय उचलण्यापेक्षा ते न आपटता खाली आणणे अधिक कठीण, हेही तेव्हाच कळले. तिसऱ्या खेपेला पोट थरथर कापे. कंबरदुखी मात्र पंधरवड्यात थांबली. पाच, सात, मग पुन्हा सरळ पायांनी दोन, तीन... सगळा पावसाळा असाच गेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वस्तादांनी पुन्हा हात ठेवला. मी पाय उचलले, क्षणभर थांबलो, हळूहळू खाली आणले, पुन्हा उचलले. दहाव्या खेपेलाही माझी कंबर जागची हलली नाही.

"अरे, पुरे आता! हात सोड माझा," वस्ताद म्हणाले, "खांबाला एरंडेल लावायचे आहे."