शेवटचं पान

वारणानगर,
रविवार, रात्र

चि. सोनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी आलं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मी दिलेल्या कॅप्टन दीपच्या हेरकादंबरीवरून तुम्हा सहा मैत्रिणींत तट पडले. तिघींनी एका बैठकीत संपवली, तिघींना पोरकट वाटली. पडू देत. पण तू तीस पानांवर मिटलीस, आणि तरी मत दिलंस! शितावरून भाताची परीक्षा होते, सोने, हेरकथेची होत नाही.

‘हिला कादंबरी म्हणायचं का?’ असं विचारतेस. गुरुनाथ नाईकांनी १२०० वर कादंबऱ्या लिहिल्या, सगळ्या कशा उतरतील? दीप सुटणार हे आधीच ठाऊक असतं, हा तुझा आक्षेप मला मान्य आहे. पण कोण फितूर निघणार, हे कुठं ठाऊक असतं? ल कारेची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ घे, १९६३ ची. ज्याला संपवायला म्हणून नायक जातो, त्यालाच वाचवण्यासाठी आपल्याला पाठवलं होतं, हे त्याला शेवटाकडं कळतं. मग मागची सगळी पानं पुन्हा पहिल्यापासून वेगळी दिसायला लागतात. तीही तू तिसाव्या पानावर ‘संथ’ म्हणून ठेवून दिली असतीस! बाणूरगडावर हेर बहिर्जींच्या समाधीपुढं डोळे पुसणारी पोरगी तू. बखरीत त्यांच्याबद्दल आहे किती? बाकीचे बहिर्जी आपल्याला कादंबऱ्यांनीच दिले ना?

२०२१ मध्ये नाईक गेल्याचं वाचलं, त्या दिवशी मी जुनी ट्रंक उघडून बसलो होतो. तुला दिलेली प्रत त्यातलीच. पिना गंजल्यात, कव्हर दोनदा चिकटवलंय. वाचनालयानं मोडीत काढलेली म्हणून स्वस्तात मिळाली होती. तेव्हा गळिताचा हंगाम होता. रात्रभर उसाच्या गाड्या काट्यापुढं रांगेत. बैलांच्या नाकातून वाफ निघतेय, सगळीकडं मळीचा वास, आणि मी कंदिलाखाली वाचतोय. शेवटाला आलो तर शेवटचं पानच फाटलेलं! शेजारचा गाडीवान म्हणाला, फितूर तो डॉक्टरच. मी म्हणालो, नाही. नंबर लागेस्तोवर आम्ही भांडत होतो.

घरी चार दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. तुझ्या आईनं कोडोलीत कुणाकडून तरी दुसरी प्रत मिळवली, शेवटचं पान वहीच्या कागदावर उतरवलं आणि लेईनं चिकटवलं. तिचा तो लांब शेपटीचा ‘ळ’ आहे त्यात. तू तिथवर पोचलीच नाहीस.

आणि पत्राच्या समासात बारीक अक्षरात लिहिलंस, पीएच.डी.ही आता पुरे. ही काय समासात लिहायची गोष्ट आहे? तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. मार्गदर्शक काही बोलले का? पैशाचं असेल तर स्पष्ट लिही, उसाचं बिल जमा झालंय. फोनवर विचारलं की तू ‘काही नाही मामा’ म्हणतेस, म्हणून हे पत्र. रात्री झोप लागते का गं? जेवतेस कुठं?

मामीनं डिंकाचे लाडू करायला घेतलेत. शनिवारी निघ. वाठारच्या फाट्यावर उतर, किती का वाजेनात, मी गाडी घेऊन उभा असेन. येताना पुस्तक बरोबर आण.

तुझा
मामा