उसनें पीठ

गर्दी हा शब्द मनुष्य नेहमीं दुसऱ्यांविषयींच वापरतो. आम्ही स्वतः तींत उभे असलों म्हणजे ती रांग असते, फार तर निरुपायानें जमलेली सभ्य मंडळी असते. गर्दी ती आमच्या पुढें उभ्या असलेल्या लोकांची. पंचवीस वर्षें महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकविण्यांत घालविल्यामुळें हा भ्रम आमच्या ठिकाणीं अधिकच दृढ झाला होता. टंचाईच्या भीतीनें लोक साठा करूं लागतात आणि त्या साठ्यानेंच टंचाई उत्पन्न होते, हें सूत्र आम्ही दरवर्षीं फळ्यावर लिहीत आलों. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरील अमर्त्य सेन यांचें विवेचन तर आमच्या विशेष आवडीचें. त्या वर्षीं बंगालमध्यें जें धान्य होतें तें, दुष्काळ न पडलेल्या १९४१ सालापेक्षां अधिकच होतें. माणसें मेलीं तीं धान्य नव्हतें म्हणून नव्हे, तर तें मिळविण्याचें सामर्थ्य त्यांच्या हातीं उरलें नव्हतें म्हणून. हें सांगतांना आमचा आवाज किंचित् चढत असे, आणि मागच्या बाकावरील विद्यार्थीही क्षणभर जागे होत. अशा मनुष्यानें २४ मार्च २०२० च्या रात्रीं काय केलें, तें आतां सांगावयाचें आहे.

पुण्यांत कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्चला आढळले. पुढील पंधरवड्यांत शाळा मिटल्या, नाट्यगृहें मिटलीं. रविवारीं, २२ तारखेस, जनता संचारबंदी झाली, आणि दुसऱ्याच दिवशीं राज्यभर संचारबंदी पुकारून जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यांत आल्या. तोंपर्यंत आमचें चित्त स्थिर होतें. मंगळवारीं रात्रीं आठ वाजतां पंतप्रधान दूरचित्रवाणीवर बोलूं लागले. मध्यरात्रीपासून एकवीस दिवस घराचा उंबरठा ओलांडावयाचा नाहीं असें त्यांनीं सांगितलें. किराणा, दूध, भाजीपाला, शिधावाटप यांचीं दुकानें उघडीं राहतील, असें सरकारी आदेशांत स्वच्छ लिहिलेलें होतें. परंतु आदेश वाचावयास चष्मा लागतो, निवांतपणा लागतो. भीतीला यांपैकीं कांहींच लागत नाहीं. भाषण संपतें न संपतें तोंच आमच्या इमारतीच्या जिन्यांत चपलांचा आवाज सुरू झाला. तो ऐकून आम्हीं मनाशीं म्हटलें, पाहा, लोक कसे वेडे झाले आहेत! आणि पायांत चपला घातल्या.

दुसरे दिवशीं गुढीपाडवा होता. "साखरेची गांठी मिळाली तर आणा," एवढेंच आमच्या सौभाग्यवतींनीं सांगितलें होतें.

दुकानासमोर शेंसव्वाशें माणसें असावींत. ज्या रोगाच्या भयानें आम्ही सर्व घरीं बसणार होतों, तो रोग परस्परांस देण्यास याहून सोयीची व्यवस्था शोधूनही सांपडली नसती. एक निवृत्त बँक-अधिकारी, एक दंतवैद्य, आमचे दोन माजी विद्यार्थी. ओळख सर्वांशीं होती, पण कोणी कोणाकडे पाहात नव्हतें. वीस वर्षें आमचें खातें असलेल्या दुकानदारानें मात्र आम्हांस हेरलें आणि बाजूच्या दारानें आंत घेतलें. "सर, पिठाची ही शेवटचीच पिशवी. दहा किलोची आहे." आमच्या मागें त्याच दाराशीं, कोठल्या तरी इमारतीच्या पहारेकऱ्याचा गणवेष घातलेला एक तरुण उभा होता. तो म्हणाला, "शेठ, मला दोनच किलो द्या." दुकानदारानें आमच्याकडे पाहिलें. ती पिशवी फोडावयाची कीं नाहीं, हें आमच्या एका शब्दावर होतें. आम्ही बोललों नाहीं. पिशवी उचलून आम्हीं खांद्यावर घेतली. एरवीं पुस्तकांचा लहान गठ्ठाही आम्हांस जड होतो.

पिठाबरोबर आम्हीं तीस किलो गहूं, पांच किलो तूरडाळ, पांच किलो रवा, तेलाच्या चार पिशव्या आणि बिस्किटांचे बारा पुडे आणले. आमच्या घरीं बिस्किटें कोणी खात नाहीं. गांठी आणावयाची राहिली.

आमच्या आईनें तें सर्व पाहिलें आणि विचारलें, "गहू आणलेस, पण गिरणी चालू आहे का?" गिरणी बंद होती, गिरणीवाला दुपारींच गांवीं गेला होता. आईनें १९७२ चा दुष्काळ तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत काढलेला. अमेरिकेंतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी थापतांना कशी तुटे, आणि दुष्काळी कामांवर सुकडी घ्यावयास पोरें कशीं रांग लावीत, हें तिनें आम्हांस अनेकदां सांगितलें आहे. आम्ही तेव्हां चार वर्षांचे होतों. त्या भाकरीची चव आम्हांस आठवत नाहीं, तिला आठवते. तिच्या त्या कथांत एक गोष्ट हटकून येते, ती उसनवारीची. शेजारीण वाटी घेऊन दारांत उभी राही; पीठ, मीठ, चहाची पूड, जें असेल तें वाटीनें मोजून जाई आणि वाटीनेंच परत येई. वाटी रिकामी परत करावयाची नाहीं, असा दंडक होता. वाटी घेऊन येणाऱ्यापासून डबा लपविणें वाड्यांत शक्यच नव्हतें. आमच्या इमारतींत त्या एकवीस दिवसांत कोणीही कोणाच्या दारीं वाटी घेऊन गेलें नाहीं. एकमेकांनीं काय काय आणलें तें सर्वांस ठाऊक होतें, म्हणूनच कदाचित् मागणें अशक्य झालें असावें.

देशांत धान्याचा तुटवडा नव्हता. त्या महिन्यांत सरकारी कोठारांत पांच कोटी टनांहून अधिक गहूं-तांदूळ पडून होता. नाशिक-सांगलीकडे गिऱ्हाइकाअभावीं शेतकरी उभ्या द्राक्षांचे बेदाणे करीत होते. मालमोटारी जागोजाग अडकल्या होत्या, हमाल गांवीं निघून गेले होते, आणि गोदामापासून घरापर्यंतच्या अखेरच्या टप्प्यावर जें थोडें शिल्लक होतें तें आमच्यासारख्यांनीं एका रात्रींत उचलून नेलें होतें. यांतही तारीख लक्षांत घेण्यासारखी आहे. महिन्याची चोविसावी तारीख. ज्याचें बँकेंत कांहीं शिल्लक आहे तोच त्या दिवशीं महिन्याभराचा किराणा घेऊं शकतो. ज्याचा पगार एक तारखेस होतो आणि वीस तारखेस संपतो, त्याची भीति कितीही मोठी असली तरी ती दोन किलोंपलीकडे जाऊं शकत नाहीं. बंगालविषयीं आम्ही वर्गांत जें सांगत होतों तें हेंच. परंतु तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें कलकत्त्याचे रस्ते असत, सहकारनगरांतील दुकानाचें बाजूचें दार नव्हे.

आमच्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या मावशी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तींत राहतात. सोसायटीनें फाटक बंद करून बाहेरच्या माणसांस मज्जाव केला होता. महिनाअखेर त्यांचा दूरध्वनि आला. त्यांनीं कांहीं बोलण्यापूर्वींच आम्हीं मोठ्या औदार्यानें सांगितलें कीं, काम नसलें तरी पगार पूर्ण मिळेल. आणि क्षणभर थांबलों. आभार ऐकावयाचे असावेत.

"पैशाचं नंतर बघू सर," त्या म्हणाल्या. "पैसे घेऊन काय करू? खालच्या दुकानात पीठच नाही. तो तुमच्याकडच्या मोठ्या दुकानातनं माल आणतो, तिथलं पाडव्याच्या आदल्या रात्रीच संपलं म्हणतो. घरात पीठ असेल तर द्या. उसनं द्या."

आम्हीं पांच किलो पीठ एका कापडी पिशवींत भरलें आणि फाटकावर नेलें. पहारेकऱ्यानें ती पिशवी गजांवरून पलीकडे दिली. मावशींनीं ती पदराखालीं घेतली आणि भिंतीच्या कडेकडेनें निघून गेल्या. पोलीस रस्त्यावर होते. जिना चढतांना आम्हांस बरेंच हलकें वाटलें. घरांत शिरल्यावर हा वृत्तांत आम्हीं जरा उंच स्वरांत सांगितला असावा, कारण आंतल्या खोलींतून आई म्हणाली, "तिचंच पीठ तिला दिलंस, त्यात एवढं काय सांगायचं?"

त्या पहारेकऱ्या तरुणाची गोष्ट आम्हीं घरांत कोणासही सांगितली नव्हती. आजतागायत सांगितलेली नाहीं. तो पुन्हां दिसतो काय म्हणून पुढें कित्येक दिवस इमारतींच्या फाटकांकडे पाहात होतों. परंतु तोंडावर पट्टी बांधलेले सर्वच पहारेकरी सारखे दिसत.

जूनमध्यें फाटक उघडलें. तोंपर्यंत आमच्या रव्यांत जाळीं झालीं होतीं आणि तूरडाळींत सोंडे पडले होते. डाळ गच्चीवर उन्हांत घातली. अर्धी निघाली, अर्धी टाकावी लागली. बिस्किटांचे नऊ पुडे तसेच होते. मावशी पहिल्या दिवशीं कामास आल्या त्या तीच कापडी पिशवी घेऊन; तींत तांदूळ होता. शिधापत्रिकेवर सरकारनें माणशीं पांच किलो तांदूळ फुकट दिला होता, त्यांतला. "पीठ काही मिळालं नाही सर, तांदूळ चालेल ना? पाच किलो आहे, मोजून घ्या."

आमच्या सौभाग्यवती "अहो मावशी, हें काय," असें म्हणत पुढें झाल्या. आम्हीही कांहींतरी म्हणालों. तें काय, तें आतां आठवत नाहीं. आई मात्र उठून आली. "आणा इकडे," म्हणाली, आणि पिशवी घेऊन तांदूळ डब्यांत ओतला. मोजला नाहीं. रिकाम्या पिशवींत तिनें दोन मुठी साखर घातली आणि ती मावशींच्या हातीं दिली. मावशींनीं ती घेतली आणि पदर खोंचून भांड्यांकडे वळल्या.

तांदूळ जाड होता. आईनें त्याच रात्रीं त्याचा मऊ भात केला.