छंदांचा साठा आणि परिमाण

बँकेच्या नोकरीतील माझी बरीच वर्षे व्यापाऱ्यांची गोदामे पाहण्यात गेली. चंद्रपूर, वडसा, ब्रह्मपुरी या भागांत धान-तांदूळ, कापड, किराणा, लोखंडी सामान यांचे व्यापारी कॅश क्रेडिट घेत. महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट हाती घेऊन आम्ही गोदामात जात असू. नजरगहाण असलेला माल मोजायचा आणि कोणता माल हलता, कोणता पडून राहिलेला, हे पाहायचे. पडून राहिलेल्या मालावर आम्ही उचल देत नसू. व्यापाऱ्याला तो माल कितीही मोलाचा वाटला, तरी ज्याला गिऱ्हाईक नाही, तो बँकेच्या दृष्टीने जागा अडवणारा बोजाच. आपल्या समाजातील वाचकांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. दुकानात वाढलेली आपली मुलेदेखील ‘माल फिरला पाहिजे’ हे वाक्य ऐकतच मोठी होतात.

सेवानिवृत्तीला आता सहा वर्षे झाली. माझे वय सहासष्ट. या सहा वर्षांत माझ्या घरी छंद एकामागून एक राहायला आले. लोकरीचे विणकाम माहेरचेच होते. त्यात क्रोशे, भरतकाम, जरीकाम, मणिकाम, गोधडी, कागदी पट्ट्यांचे क्विलिंग, जुन्या पुस्तकांची बांधणी आणि सर्वांत शेवटी बांबूकाम यांची भर पडली. ‘एक धड धरावे, इतकी कामे कशाला?’ असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या हवेत आहे. वैशाखात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. घामेजल्या हातात लोकर धरवत नाही आणि कूलरच्या वाऱ्यात क्विलिंगच्या पट्ट्या उडतात, दमट होऊन उलगडतात. म्हणून उन्हाळा मण्यांचा. चातुर्मासात दुपारची कामे लवकर आटोपतात. चौविहाराआधीच्या उजेडात तासभर भरतकाम होते. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत लोकर. थंडीच्या सकाळी अंगणात बांबू. शेतकऱ्याला जशी पिकांची फेरपालट, तशी मला ही कामांची फेरपालट. त्यामुळे बोटे आखडत नाहीत आणि मनही कंटाळत नाही.

छंदाबरोबर त्याचा संसारही येतो. लोकरीमागे सुया, भरतकामामागे रिंगा, बांधणीमागे दाभण, मेणलेला दोरा आणि पुठ्ठे. शिवाय प्रत्येक वस्तू ‘कधीतरी लागेल’ म्हणून जपलेली. या साठवणुकीमागे एके काळी सबळ कारण होते. मी नोकरीला लागले, तेव्हा हव्या त्या छटेचा भरतकामाचा धागा चंद्रपुरात मिळेलच असे नसे. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर दूर. कोणी नागपूरला निघाले की त्याच्या हाती यादी द्यायची, ही घरोघरीची रीत होती. लोकरीचे तर आणखी एक शास्त्र आहे. रंगाची खेप बदलली की तोच क्रमांक असूनही छटा किंचित निराळी येते आणि स्वेटरच्या छातीवर आडवा पट्टा उमटतो. म्हणून शहाणी विणकरीण दोन गुंड्या जास्तच घेते. एम. कॉम.ला आम्हांला साठ्याच्या व्यवस्थापनाचे सूत्र शिकवीत. एका वेळी किती माल मागवणे परवडते, हे सांगणारे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये मांडले. त्याच अभ्यासातला दुसरा धडा असा, की माल हाती यायला जितके दिवस लागतात, तितका राखीव साठा अधिक ठेवावा लागतो. आज तोच धागा चार दिवसांत कुरिअरने दाराशी येतो. म्हणजे राखीव साठा ठेवण्याचे कारण बव्हंशी संपले. सवय मात्र कारणापेक्षा दीर्घायुषी असते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या. आम्ही सर्वजण त्यांना भाभी म्हणत असू. हाताने असे जरीकाम करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. कोणाच्या घरी तपाचे उजमणे निघाले की चंदरवा-पुठियाचे काम भाभींकडे येई आणि त्या एक पैसा न घेता ते करून देत. त्या गेल्यावर दीड महिन्याने त्यांच्या सुनेने आम्हां दोघी-तिघींना कपाटे आवरायला बोलावले. चार कपाटे होती. जरीची रिळे, टिकल्या, कटोरी, सलमा, कृत्रिम धाग्याच्या मखमलीचे तागे, सारे कागदाच्या घड्यांत नीट गुंडाळलेले आणि प्रत्येकावर भाभींच्या बारीक अक्षरात चिठ्ठी. सर्वांत खालच्या कप्प्यात एक अपुरी पुठिया निघाली. तिच्यावर चौदा स्वप्ने रेखाटलेली होती. गज, वृषभ, सिंह, लक्ष्मी, पुष्पमाला, चंद्र, सूर्य, ध्वज आणि कलश ही नऊ स्वप्ने भरून झालेली. पद्मसरोवर, क्षीरसागर, देवविमान, रत्नराशी व निर्धूम अग्नी ही पाच नुसत्या खडूच्या रेषांत. त्या कपाटात उरलेल्या जरीत अशा पाच पुठिया सहज भरल्या असत्या. सामान कशाचेच कमी नव्हते. कमी पडले ते दिवस.

आवराआवरीत दोन दिवस गेले. त्यांच्या सुनेला कोणती वस्तू ठेवावी नि कोणती द्यावी, हे ठरवता येईना. ‘काकीजी, आईंनी हे सगळे कशासाठी तरीच ठेवले असेल ना?’ असे ती पुन्हा पुन्हा विचारी. चिठ्ठ्यांवर रंग लिहिले होते, लांबी लिहिली होती. हेतू लिहिलेला नव्हता. साठा करणाऱ्याच्या मनात प्रत्येक वस्तूचे एक भविष्य असते. तो गेल्यावर वस्तू उरते, भविष्य उरत नाही आणि मागच्यांच्या गळ्यात न उलगडणारे कोडे पडते.

घरी परतल्यावर मी माझ्या कपाटांची तपासणी केली. बँकेत करीत असे तशीच, वही घेऊन. मात्र किंमत रुपयांत धरली नाही, तासांत धरली. छंदाच्या सामानाला गिऱ्हाईक एकच आणि त्याच्याजवळचे चलन म्हणजे वेळ. लोकर निघाली अठरा किलो. शंभर ग्रॅम विणायला मला दहा तास लागतात, म्हणजे अठराशे तास. भरतकामाच्या धाग्याच्या साडेचारशे लडी. एका लडीला आठ तास धरले, तर छत्तीसशे तास. गोधड्यांचे कापड सहा गोधड्यांना पुरेल इतके. दीडशे तासांप्रमाणे नऊशे तास. मणी, जरी, क्विलिंग आणि पुस्तकबांधणी मिळून पंधराशे. बांबूचे दोनशे. एकूण आठ हजार तास. रोजचे दोन तास धरले आणि सणवार, प्रवास, आजारपण वगळले, तर वर्षाला सातशे तास हाती लागतात. म्हणजे आजपासून सुईदेखील विकत घेतली नाही, तरी हा माल संपायला साडेअकरा वर्षे लागतील आणि तेव्हा मी अठ्ठ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर असेन. नेत्रतज्ज्ञांनी बारीक टाक्यांचे काम आतापासूनच बेताने करायला सांगितले आहे. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील विणकाम करणाऱ्या मंडळींत या अवस्थेला एक थट्टेचे नावही आहे. उरलेल्या आयुष्याला पुरून उरेल इतका साठा, असा त्याचा अर्थ.

लेखाशास्त्रात एक मूलभूत गृहीतक असते. धंदा अनिश्चित काळ चालत राहील, असे धरूनच हिशेब लिहिले जातात. पेढीच्या बाबतीत ते योग्य आहे, कारण आजोबांची पेढी नातू चालवतो. माणसाच्या बाबतीत हे गृहीतक चालत नाही. माझ्या बोटांतले टाके माझ्या नातीला वारसाहक्काने मिळणार नाहीत. ते तिला शिकावे लागतील. म्हणून छंदाचा साठा पेढीच्या नियमाने ठेवता येत नाही.

येथे आपल्या पूर्वाचार्यांची सूक्ष्म दृष्टी आठवते. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात सर्वस्वाचा त्याग सांगितलेला नाही. परिग्रहाचे परिमाण करायला सांगितले आहे आणि ते परिमाण ज्याचे त्याने ठरवायचे आहे. जमीन, घर, सोने, धन, धान्य यांच्या यादीत ‘कुप्य’ हाही एक प्रकार आहे. वस्त्रे, भांडीकुंडी यांसारखे घरगुती सामान त्यात येते. जमीन आणि सोने यांचे परिमाण आपण काळजीने करतो, कुप्य मात्र किरकोळ समजून सोडून देतो. तत्त्वार्थसूत्राच्या कर्त्यांनी तर परिग्रहाची ओळख वस्तूवरून न देता मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून दिली. एखादी लोकरीची गुंडी हातात घेतल्यावर तिचा स्वेटर डोळ्यांपुढे येतो, की ‘असू दे’ एवढेच मनात येते, यावरून त्या गुंडीची जात कळते.

साठवणुकीला अहिंसेचीही बाजू आहे. पडून राहिलेल्या लोकरीला कसर लागते. तोडलेल्या बांबूत पिष्टमय अंश असतो आणि त्याच्या ओढीने पोखरणारे भुंगे येतात. मग औषध फवारा नाहीतर जिवांसकट वस्तू जाळा, असे दोनच मार्ग उरतात. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीचा कोसा प्रसिद्ध आहे. त्याचा धागा काढताना कोशातील जीव बहुधा मारला जातो, म्हणून आमच्या घरी तो आणला जात नाही. पण जीव मारून काढलेला धागा नाकारायचा आणि आपल्या कपाटात जीव मरण्याची व्यवस्था करायची, ही विसंगती होय. जो माल हलता राहतो, त्यात कीड सहसा होत नाही.

बांबूकाम मला आमच्या वस्तीजवळच्या एका बुरूड समाजाच्या आजींनी शिकवले. चंद्रपूर–मूल रस्त्यावर चिचपल्लीला शासनाचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे नवनवीन वस्तू पाहायला मिळतात. पण सूप आणि टोपली यांची बैठक आजींच्या अंगणातच समजली. त्यांच्याकडे एक कोयता, एक सुरी आणि चार-पाच हिरवे बांबू. याहून अधिक सामान मी कधी पाहिले नाही. कारण विचारले, तर म्हणाल्या, ‘बाई, वल्ला बांबू चिरते, वाळला का हात चिरते.’ ओला बांबू सरळ फाटतो, वाळलेला हट्टी होतो. म्हणून जितके विणून होईल, तितकाच आणायचा. ज्यांचे पोट कलेवर आहे, त्यांचा साठा चार दिवसांचा. ज्यांचा केवळ वेळ कलेवर जातो, त्यांचा साठा बारा वर्षांचा!

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण याहून मोठे आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. एवढे रान दाराशी असताना किती बांबू तोडायचा आणि किती राखायचा, हे ते गाव सभेत बसून ठरवते. हक्क मिळाल्यावर मर्यादा आपली आपण घालावी लागते. परिमाण म्हणजे तरी दुसरे काय?

आम्ही घरात ठरवलेले परिमाण सोपे आहे. छंद कितीही असोत, पण प्रत्येकाला एकच पेटी आणि पेटीत दोन वर्षांच्या कामापुरतेच सामान. नवे आणायचे, तर तितकेच आधी संपलेले असावे. हाती घेतलेली कामे एका वेळी तीनच. प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी असते. तिच्यावर रंग आणि लांबी यांबरोबर हे कोणासाठी आहे आणि मला जमले नाही, तर कोणाला द्यावे, हेही लिहिलेले असते. दोन वर्षांपलीकडची लोकर आणि धागे गेल्या हिवाळ्यात एका आश्रमशाळेच्या मुलींना दिले. सोबत शनिवारी जाऊन त्यांना सुया धरायलाही शिकवले. नुसते सामान दिले असते, तर तो साठा एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेला असता, इतकेच. त्या मुलींनी तीन महिन्यांत जे विणून संपवले, त्याला मला चार वर्षे लागली असती.

भाभींची जरी आणि मखमल वाटून झाली. अपुरी पुठिया मात्र आम्ही कोणाला दिली नाही. त्यांची सून, माझी सून आणि मी, अशा तिघी मिळून ती भरतो आहोत. भाभींचे टाके आणि आमचे टाके यांतला फरक जाणत्या डोळ्याला लगेच दिसतो, आणि तो दिसू द्यावा, असे आमचे ठरले आहे. पद्मसरोवर पूर्ण झाले आहे. क्षीरसागराच्या लाटा चालू आहेत.

येत्या चातुर्मासात आपण सारे काही ना काही नियम घेऊच. त्यांत या वेळी एका कपाटाचे परिमाण करून पाहावे, अशी माझी वाचक भगिनींना विनंती आहे. बंधूंनीही आपल्या कपाटांतील जुनी घड्याळे, कॅमेरे, पोस्टाची तिकिटे आणि अवजारे यांना यातून वगळू नये. वही घ्यावी, वस्तू मोजाव्यात आणि किमतीच्या रकान्यात रुपये न लिहिता तास लिहावेत. आलेली बेरीज आपल्या वयात मिळवली, की काय ठेवावे आणि काय द्यावे, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.