सहावा गडी

चाळिशी उलटली की माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असे पुष्कळजण सांगतात. कोणी बागेत रमतो, कोणी ज्योतिषात. मी बास्केटबॉलच्या एका संघाचा मालक झालो आहे. हे कळले तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत जे हसू उसळले ते अजून ओसरलेले नाही. उभ्या आयुष्यात मी तो चेंडू हातात धरलेला नाही. शाळेच्या मैदानावर एक कडे आहे खरे. पण त्याला जाळी नाही, आणि त्याच्या खांबाचा उपयोग पताकांची दोरी बांधण्यापुरता. मी सांगून पाहिले की, हा खेळ काढला तोही एका शिक्षकानेच. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथने, हिवाळ्यात पोरांना छपराखाली काय खेळवावे या विवंचनेतून, सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या. मंडळींनी ते ऐकून घेतले आणि चहा मागवला.

माझा संघ मैदानावर नाही, संगणकाच्या पडद्यावर आहे. ‘बझरबीटर’ नावाचा हा खेळ २००७ पासून चालू आहे, आणि देशोदेशीचे लोक त्यात आपापले संघ चालवतात. चेंडू कोणीच उडवीत नाही. खेळाडू विकत घ्यायचे, कोणाला कोठे खेळवायचे ते ठरवायचे, त्यांना तयार करायचे आणि सामन्याची हकीकत वाचीत बसायचे. पुण्याच्या माझ्या भाच्याने एका मे महिन्यात मला यात ओढले. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला माणसे घडवण्याचे व्यसन असतेच. इथे ती आयती मिळाली. शिवाय कादंबरीतली माणसे मध्येच ऐकेनाशी होतात, ही ऐकतात.

दर हंगामाला अठरा-एकोणीस वर्षांची काही नवखी पोरे संघांना वाटून मिळतात. त्यांतच मला तो मिळाला. बुटका म्हणावा असा, पॉइंट गार्डच्या जागेचा. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू घेऊन पुढे येणारा, डाव मांडणारा, आणि आपण टाकण्याआधी दुसऱ्याला देणारा गडी. जॉन स्टॉकटन हा अशांतला नामवंत. उंची सहा फूट एक इंच, म्हणजे त्या धिप्पाड लोकांत अगदीच बेताची. १९८४ ते २००३ तो यूटा जॅझकडून खेळला, आणि त्याने दिलेल्या चेंडूवर सोबत्याने टोपली साधली असे १५,८०६ वेळा घडले. त्या आकड्यापर्यंत अजून कोणी पोचलेले नाही. दुसऱ्याच्या हातून पार पडलेल्या कामाचे श्रेय देणाऱ्याच्या नावावर मांडून ठेवणारा हा खेळ मला त्यासाठीच आवडतो. आमच्या साहित्यात अशी वही असती, तर किती मुद्रितशोधकांची नावे सुवर्णाक्षरांत लागली असती!

या खेळात गुण आकड्यांत दाखवीत नाहीत, शब्दांत सांगतात. चेंडू हाताळणे ‘सुमार’, पास देणे ‘मध्यम’, बचाव ‘कीव येण्याजोगा’ — मूळ शब्द इंग्रजी, हे माझे मराठी. आणि त्याखाली आणखी एक शब्द असतो: हा पोरगा फार तर कोठवर जाईल, तो. सर्वांत खालची पायरी ‘समालोचक’. म्हणजे बाबा, तू खेळूच नकोस, खेळाविषयी बोल. त्यावर ‘बाक गरम करणारा’. अशा पायऱ्या चढत चढत ‘सार्वकालिक श्रेष्ठ’ असा शेवट. माझ्या पोराच्या नावाखाली लिहिले होते, ‘सहावा गडी’. मैदानावर पाच उतरतात. सहावा त्यांच्यातला कोणी दमला की उठतो.

भाचा म्हणाला, “मामा, याच्यावर आठवडे घालवू नका. वरच्या पायरीचा एखादा विकत घ्या.”

व्यवहार तोच होता. पण तो शब्द वाचून मी बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिलो. मी मॅट्रिक झालो त्या वर्षी एका शहाण्या माणसाने माझ्या वडिलांना सांगितले होते, “मुलाला आता कामाला लावा. त्याची झेप एवढीच.” मी दाराआड उभा होतो. वडिलांनी मान डोलावली. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. आमची परिस्थिती त्याला ठाऊक होती. पुढे चित्रकलेच्या परीक्षा देऊन मी शाळेत लागलो, कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन बऱ्या निघाल्या. तेव्हा तो माणूस चुकला का? मला तसे म्हणवत नाही. कदाचित माझी झेप खरोखर एवढीच असेल. पण ती मोजून पाहण्याइतके अंगण मला कोणी दिले नव्हते, एवढे मात्र खरे.

खेळातले ते अंगण मिनिटांत मोजतात. आठवड्याला एकच कौशल्य निवडायचे, शुक्रवारी त्याचे फळ. मात्र पुरते फळ हवे असेल तर पोरगा त्या आठवड्यात त्याच जागेवर ४८ मिनिटे खेळलेला पाहिजे. म्हणजे खऱ्या सामन्यात कच्चे पोर उभे करायचे, चांगला जाणता गडी बाकावर बसवायचा, आणि हरायचे. याला दुसरा मार्ग नाही. त्याचा उंच गड्यांशी झुंजण्याचा गुण वाढवायचा म्हणून मी काही आठवडे त्याला टोपलीखाली, मधल्या जागेवर उभा केला. त्या हकीकती वाचवत नसत. ताडमाड माणसे त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकीत होती आणि मी इकडे चहा गार करीत होतो.

आणि एवढे करून बदल दिसत नाही! ‘मध्यम’चा ‘बरा’ होण्याआधी आतल्या आत पुष्कळ काही साचत असते. पण वर तोच शब्द. तीन-तीन शुक्रवार कोरडे जातात. पालकांना प्रगतिपुस्तक देताना मला हे सांगावेसे वाटते, पण त्यांना घाई असते.

शाळेत माझा प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकच तास असतो. तास ३५ मिनिटांचा, वर्गात ५८ मुले. एकेकाच्या वाट्याला ३६ सेकंद येतात, तीही कोणी रंगाचे पाणी सांडले नाही तर. त्यामुळे एकाच पोराला ४८ मिनिटे देणे ही मला जवळजवळ चोरटी चैन वाटते. माझ्या वर्गात कोण ‘तारा’ आणि कोण ‘समालोचक’, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची सोयही नाही. पडद्यावर ते ठाऊक असते, तो शब्द खराही ठरतो. मर्यादा जवळ आली की शिकणे मंदावते, हे मी पाहतो आहे. पण त्याचबरोबर हेही पाहिले की, नवखी पोरे बहुधा त्या मर्यादेच्या आसपासही जात नाहीत. कोणी त्यांना उभेच करीत नाही. पुढल्या हंगामात त्यांची नावे यादीत नसतात.

हंगाम १४ आठवड्यांचा, आणि हंगाम सरला की खेळाडू एका वर्षाने थोर. आमच्या एका शालेय वर्षात तो पावणेचार वर्षांनी वाढतो. अठराचा आलेला आता तेविसाचा आहे. पास देणे ‘उत्तम’ म्हणावे असे झाले, बचाव ‘चांगला’. पगारही चढला, आणि भाच्याच्या हिशेबाने विकायची वेळ हीच. यापुढे तो फारसा वाढणार नाही आणि वयाबरोबर किंमत उतरेल. बाजारात मांडला असता तर त्या पैशांत वरच्या पायरीचे दोन कोवळे पोरगे आले असते. मी मांडलेला नाही. भाच्याने कारण विचारले. मी पगाराचे काहीतरी सांगितले.

गेल्या शनिवारी अकरा गुणांनी हरलो. त्याने दिलेल्या चेंडूवर चौदा वेळा टोपली साधली होती. येत्या शुक्रवारसाठी पुन्हा ‘पास’च ठेवला आहे. मुळाक्षरासारखा एखादा कण त्यात अजून भरायचा राहिला असेल, असे आपले मला वाटते.